हातावरची तुळस

माझ्या भाच्यानं दोन वर्षांपूर्वी डाव्या हातावर 'आशीर्वाद' गोंदवून घेतला. निदान त्याला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात हातावर आला तो 'आर्शीवाद'. रफार 'वा'वर बसायचा, तो एक घर आधीच, 'शी'वर उतरला. टॅटू काढणाऱ्यानं कुणाच्या तरी स्टेटसवरून अक्षरं उचलली होती, भाच्यानं फोटो काढून मित्रांना पाठवले, दीडशे जणांनी बदाम टाकले. चूक सापडली ती घरी, माझ्या आईला. चौथी शिकलेली बाई. तिनं चष्मा लावला, नातवाचा हात उजेडात धरला आणि विचारलं, "शुद्धलेखन बंद केलं काय रे शाळेत?"

तिच्या स्वतःच्या हातावर एक अक्षर नाही. तुळशीवृंदावन आहे, मनगटाशी विंचू आहे, हनुवटीवर तीन ठिपके आहेत. नऊ वर्षांची असताना पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेत गोंदवलेलं. गोंदणारणीनं तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र आवळल्या होत्या, वाटीत काजळी कालवलेली होती आणि टोचून झाल्यावर वरून हळद दाबली होती, एवढं तिला लख्ख आठवतं. तिच्या आईनं हात घट्ट धरून ठेवला होता, तेही आठवतं. "मेल्यावर पाटल्या काढून घेतील, हे कोण काढून घेणार?" हे वाक्य तिनं तेव्हा ऐकलं आणि आम्हाला शेकडो वेळा ऐकवलं.

'माझं डिझाइन कुणाकडेच नको' म्हणणाऱ्या पोरांना मी मुद्दाम तिचा हात दाखवतो. तुळस, विंचू, मासोळी, लक्ष्मीची पावलं, कपाळावरची चिरी. महाराष्ट्रातल्या लाखो बायांच्या अंगावर हीच मोजकी चित्रं होती. वेगळेपणा चित्रात नव्हताच. तो त्या यात्रेत होता, हात धरणाऱ्या आईत होता. आज छत्रपती संभाजीनगरात निराला बाजार किंवा कॅनॉटच्या भागात फिरलात तर मनगटामनगटावर अनंताची खूण, पिसातून उडणारे पक्षी आणि हृदयाचा आलेख दिसतो. त्यांचा दोष हा नाही की ते सगळ्यांकडे आहेत. दोष हा की त्यांची गोष्ट काय, असं विचारलं तर सांगायला काही नसतं.

आणि सांगायला आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? अजिंठ्याचा पद्मपाणी तर किल्लीच्या साखळीवरही मिळतो, तो सोडा. त्याच पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. ज्या हरणाकडे पाहाल, डोकं त्याचं वाटतं. चार भावंडांच्या घरासाठी याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. बीबी का मकबऱ्याच्या पितळी पत्र्याच्या दरवाजावर वेलबुट्टी आहे, जाळ्यांत भूमितीचा खेळ आहे. फक्त लेणं पाहून खांबावर नाव कोरायची हौस नको. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात ती करून ठेवली आहे आणि दोनशे वर्षं झाली तरी लोक त्याला नावं ठेवतात.

पैठणीचा बांगडी मोर घ्यायचा असेल तर आधी पदर जवळून पाहा. मागावर धागे मोजून नक्षी उतरते, त्यामुळे मोराच्या मानेची गोलाई खरं तर बारीक पायऱ्यापायऱ्यांची असते. टॅटू काढणारा सवयीनं ती रेघ गुळगुळीत करतो आणि मोर पैठणीचा न राहता लग्नपत्रिकेचा होतो. त्या पायऱ्या तशाच ठेवायला सांगा. ज्यांच्या घरात माग आहे किंवा निदान आईची एक पैठणी पेटीत आहे, त्यांनी हे जरूर करावं. बाकीच्यांनी साडीच घ्यावी.

सगळ्यात चांगली डिझाइन्स मात्र घरातच असतात. आईच्या वाणसामानाच्या यादीवरचं 'श्री'. वडिलांची पासबुकावरची सही. आमच्या नागसेनवनाच्या भागात बाबासाहेबांची सही हातावर मिरवणारी पोरं दिसतात. सहीत माणूस असतो, छापील टाइपात नसतो. एकाला मी सुचवलं होतं: आजोबा निरक्षर होते ना, मग जमिनीच्या जुन्या कागदावरचा त्यांचा अंगठा घे. जगात दुसरा तसा नाही. तिप्पट-चौपट मोठा करून घ्यावा लागेल, कारण बारीक रेघा कातडीवर टिकत नाहीत.

हे का, ते समजून घेणं बरं. सुई वरची त्वचा ओलांडून खालच्या थरात रंग सोडते. शरीर त्याला परका मानतं, संरक्षक पेशी ते कण गिळून बसतात. त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. 2018 साली फ्रान्सच्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. या उठाबशीत आणि वयाबरोबर रेघ फुगत जाते, काळी काजळी हिरवट दिसू लागते. देवनागरीची पंचाईत इथेच होते. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा. अक्षर बारीक असेल तर काही वर्षांत फट बुजते आणि धनंजयचा घनंजय होतो. अक्षर निदान अंगठ्याच्या नखाएवढं हवं.

सध्या मोडीची टूम आहे. मोडी दिसते देखणी, आणि तिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, त्यामुळे आमच्या भाच्यासारख्यांची अर्धी चिंता मिटते. पण मोबाइलच्या ॲपनं दिलेली मोडी थेट हातावर नेऊ नका. मोडी वाचणाऱ्या माणसाला न सांगता वाचायला द्या. त्यानं वाचलं तेच तुमच्या मनात असेल तर पुढे.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी आणखी एक ऐकावं. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत हात डावा लागतो, कारण सॅल्यूट उजव्यानं, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान. मानेवरच्या राजमुद्रेपायी वैद्यकीय चाचणीत बाहेर पडण्यात कसलं शौर्य?

बाकी काळजी सगळ्यांना ठाऊक असते, पाळत कुणी नाही. सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा, शाईची वाटी नवी घ्या. जत्रेत एकाच सुईनं रांग उरकणाऱ्या मशिनीपासून 'ब' आणि 'क' काविळीचा, एचआयव्हीचाही धोका आहे. टॅटूनंतर काही काळ रक्तदान चालत नाही, रक्तपेढीत तसं सांगा. आणि चित्र ठरलं की कागदावर काढून कपाटाच्या आरशाला चिकटवा. पाडव्याला आवडलेलं संक्रांतीलाही आवडलं, तर पैसे द्या.

भाच्याच्या हातावर आता त्या रफारावरून तुळशीची एक डहाळी गेली आहे. आजीच्या हातावरचीच उतरवून घेतली. त्यासाठी बटर पेपर तिच्या हातावर धरला, तेव्हा लक्षात आलं की वृंदावनाची खालची पायरी विरून गेली आहे. ती कशी होती, हे तिलाच आठवत होतं, तिनं बोटानं दाखवली.

सोबत जाणारं लेणं म्हणून बायांनी ते गोंदवलं, आणि ते खरोखरच त्यांच्यासोबत जातंय. तुमच्या घरी कुणा आजीच्या, आत्याच्या हातावर गोंदण असेल तर या भाऊबीजेला बटर पेपर आणि पेन्सिल घेऊन बसा. उतरवून घ्या. कुणी गोंदलं, कुठल्या यात्रेत, हात कुणी धरला होता, हे विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. टॅटू काढा, नका काढू.