घरातले कुत्रे का भांडतात?

ज्या घरात दोन किंवा अधिक कुत्रे असतात, तेथील माणसांना एक कोडे नेहमी पडते. दुपारभर एकाच पोत्यावर अंगाला अंग लावून झोपणारे हे सोबती, भाकरीचा एक तुकडा खाली पडताच एकमेकांचे नरडे धरायला का धावतात?

‘आपल्यात राजा कोण, हे त्यांना ठरवायचे असते,’ असे उत्तर पुष्कळ जण देतात. या उत्तराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. रुडोल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कोंडलेल्या त्या लांडग्यांत वरच्या स्थानासाठी चढाओढ चाले. अमेरिकेतील डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वत्र पसरली आणि लांडग्याचा वंशज म्हणून कुत्र्यालाही तोच न्याय लावला गेला. पुढे मेक यांनी कॅनडाच्या अति उत्तरेकडील एल्झमिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात अनेक उन्हाळे काढले. तेथे त्यांना दिसले ते एक कुटुंब : आईबाप आणि त्यांची लहानमोठी पिले! १९९९ मध्ये त्यांनी तसे लिहिले, आणि आपलेच जुने पुस्तक छापणे थांबवावे, असा प्रकाशकाकडे आग्रह धरला. बाझेलचे निरीक्षण खोटे नव्हते. कोंडलेल्यांचा नियम मोकळ्यांना लावला, तेथे घोटाळा झाला. प्रयोग कोणत्या परिस्थितीत केला हे सांगितल्याशिवाय निष्कर्ष सांगू नये, असे आम्ही पदार्थविज्ञानाच्या तासाला सांगतो ते याचसाठी.

तेव्हा राजाचा विचार सोडून साधे प्रश्न विचारू या. भांडण कोठे झाले? किती वाजता? जवळ काय पडले होते? महिनाभर वहीत अशी नोंद ठेवा. बहुधा तीच ती कारणे पुन्हा पुन्हा येतील : अन्न, हाडूक, अरुंद दार, मालक घरी आल्याची धांदल. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्या तपासल्या होत्या. बहुतेक जोड्या एकाच लिंगाच्या निघाल्या. भांडखोर म्हणजे नरच, हा समज मात्र टिकला नाही. माद्याही पुष्कळ होत्या.

कधी कधी कारण घराबाहेर असते. फाटकाबाहेरून परका कुत्रा जातो, आतले दोघे भुंकून बेभान होतात. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग एक जण शेजारच्यालाच चावतो. एरवी शांत असणारा कुत्रा अचानक अंगावर धावू लागला, तर त्याचा कान दुखत असेल, सांधे धरले असतील. अशा वेळी आधी पशुवैद्याला दाखवावे.

कुत्रा गुरगुरला की त्याला फटका मारण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. मला ती अगदी चुकीची वाटते. अंग ताठ होणे, नजर रोखणे, ओठ वर उचलून दात दाखवणे, गुरगुरणे या चावण्यापूर्वीच्या सूचना आहेत. कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ कमी होत नाही! मार खाऊन गुरगुरणे थांबले, तरी आतला राग किंवा भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना न देताच चावा बसतो.

त्यापेक्षा घराची मांडणी बदलावी. दोघांना वेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवू घालावे आणि रिकामी भांडी लगेच उचलावीत. हाडूक एकत्र असताना देऊ नये. फाटकाच्या जाळीला गोणपाट बांधले, तरी भुंकणे बरेच कमी होते.

एवढे करूनही जुंपलीच तर? मुलांनी मध्ये पडू नये. मोठ्यांना हाक मारावी. मोठ्यांनीही मानेच्या पट्ट्याला हात घालू नये, कारण त्या क्षणी कुत्रा जे तोंडाशी येईल ते चावतो. ताटे बडवून मोठा आवाज करावा, बादलीभर पाणी ओतावे किंवा दोघांच्या मध्ये फळी सरकवावी, आणि सुटताच त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे. कोणाला चावा बसला किंवा दाताचा ओरखडा उठला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला वाचवते.