वजनाचा काटा आणि हिरवे टेबल

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या तीन भावंडांकडे खेळ म्हणून गांभीर्याने पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी कोणाला नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो हे अंगमेहनतीचे खेळ. आणि हिरव्या बनातीच्या टेबलाभोवती हातात काठी घेऊन फिरणे ही रिकामटेकड्या श्रीमंतांची करमणूक, अशी आपली ढोबळ विभागणी असते. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या विरंगुळ्यातून स्नूकर जन्माला आला, ही हकीकत या समजुतीला पुष्टीच देते. पुढे शहरोशहरीच्या पूल पार्लरांनी हा खेळ जिमखान्यांच्या बंद दारांआडून बाहेर काढला आणि महाविद्यालयीन तरुणांच्या हाती दिला. मूळ समजूत मात्र बदलली नाही. ‘यात कसला आलाय व्यायाम? पोट सुटलेला माणूससुद्धा खेळतो की!’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते.

या वाक्यात दोन विधाने दडलेली आहेत. हा खेळ शरीराकडून काही मागत नाही, हे पहिले. आणि खेळाडूचे वजन किती आहे याने काही बिघडत नाही, हे दुसरे. पहिले विधान साफ चुकीचे आहे. दुसरे अर्धे खरे आहे. आणि अर्धे सत्य हे पुष्कळदा असत्यापेक्षा अधिक दिशाभूल करते.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वळण्याचे कारण खासगी आहे. मी शिक्षकी पेशात तीस वर्षे काढली. एका वर्षी माझ्या वर्गात अंगाने फार जड असा एक मुलगा होता. खेळाच्या तासाला मी त्याला वही देऊन झाडाखाली गुण लिहायला बसवीत असे. इतर मुलांनी त्याची टिंगल करू नये म्हणून, असे मी स्वतःला सांगत असे. पुढे आठ-दहा वर्षांनी एका पूल पार्लरमध्ये तो मला दिसला. देह तसाच होता, किंबहुना वाढला होता. परंतु टेबलाशी तो असा काही अलगद वावरत होता, आणि त्याच्या हातून चेंडू असे नेमके निघत होते, की मी दारातच थबकलो. शाळेत चार वर्षे ज्याच्या हाती मी पेन्सिल दिली, त्याच्या हातात हे कसब होते!

फटक्यात वजन किती?

जड माणसाचा फटका जोरदार असतो, असा एक समज आहे. पदार्थविज्ञानाचा आधार घेतला तर तो टिकत नाही. पुलाची काठी साधारण पाचशे ते सहाशे ग्रॅम वजनाची असते आणि चेंडू सुमारे एकशे सत्तर ग्रॅमचा. काठीचे टोक चेंडूला स्पर्श करते ते सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरते. एवढ्या क्षणार्धात खेळाडूच्या देहाचा भार काठीमार्फत चेंडूपर्यंत पोहोचूच शकत नाही. हाताचे मांसल तळवे आणि सैल मनगट त्या दोहोंमध्ये असते. चेंडूला जे मिळते ते काठीच्या वेगातून. आणि हा वेग बहुतेक फटक्यांत कोपरापासून खालचा हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलवून मिळवायचा असतो. पुलाचा डाव उघडताना रचलेले चेंडू फोडण्यासाठी खेळाडू सारे अंग पुढे झोकतो, तेव्हाही त्या झोकाचा उपयोग काठीला वेग देण्यापुरताच. दुप्पट वजनाच्या माणसाची काठी काही दुप्पट वेगाने धावत नाही.

म्हणजे फटक्याच्या बळात वजनाचा लाभ नगण्य, तसाच त्याच्या अचूकतेत वजनाचा तोटाही सहसा नगण्य. एक फटका मारायचा असेल तर कृश आणि स्थूल हे दोघे समान पातळीवर उभे असतात. ‘पोट सुटलेला माणूसही खेळतो’ या वाक्यातले सत्य ते एवढेच.

अडचण सुरू होते ती शरीराच्या ठेवणीपासून. स्नूकरचे टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि जमिनीपासून सुमारे शहाऐंशी सेंटिमीटर उंच असते. त्यावर ओणवे होऊन हनुवटी काठीला जवळजवळ टेकवायची, काठी छातीला घासून सरळ रेषेत जाऊ द्यायची, आणि फटका पुरा होईपर्यंत डोके व खांदे दगडासारखे स्थिर ठेवायचे, हा या खेळाचा पाया. मोठे पोट टेबलाच्या काठाला अडले की वाकणे अपुरे होते. वाकणे अपुरे झाले की नजर आणि काठी यांची रेषा जमत नाही. लांबचा चेंडू खेळताना एक पाय तरी जमिनीला टेकलेला हवा, असा नियम आहे. तेव्हा ज्याला अंग ताणता येत नाही त्याला आधाराची दांडी वारंवार घ्यावी लागते, आणि दांडीवरचा फटका हातावरच्या फटक्याइतका विश्वासाचा नसतो. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु पायांतले अंतर वाढवून, उभे राहण्याचा कोन बदलून, आणि पुढच्या फटक्यासाठी चेंडू जवळच येऊन थांबेल अशी आखणी करून त्यांवर मात करता येते, हेही तितकेच खरे.

लोकांना काय आठवते?

बिल वर्बेन्युक या कॅनेडियन खेळाडूचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्यांचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास होते. एका सामन्यात लांबच्या चेंडूसाठी ओणवे होताना दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर त्यांची विजार फाटली, आणि प्रेक्षकगृह हास्यात बुडाले. हा प्रसंग अनेकांना आठवतो. हे गृहस्थ १९८३ साली जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानी होते आणि विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत चार वेळा उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा खरा शत्रू वजन नव्हताच. त्यांच्या हाताला आनुवंशिक कंप होता, आणि तो थोपवण्यासाठी ते सामन्याआधी व सामना चालू असताना बिअरचे ग्लासांमागून ग्लास रिचवीत. पुढे त्यांनी हृदयाची धडधड व हाताचा कंप कमी करणारे औषध घेतले. परंतु स्पर्धेच्या नियमांनी त्या जातीच्या औषधांवर बंदी आणली, आणि त्यांची कारकीर्द आटोपली. २००३ साली, छप्पन्नाव्या वर्षी ते वारले. या वर्गातील औषधांवर बिलियर्ड्सच्या साऱ्या प्रकारांत स्पर्धाकाळात आजही बंदी आहे. धावण्याच्या वा वजन उचलण्याच्या स्पर्धकाला ज्या औषधाचा काडीचा उपयोग नाही, ते येथे अन्याय्य लाभ ठरते. या खेळाची शरीराकडून मागणी काय आहे, हे सांगायला याहून बोलका पुरावा नको. त्याला शांत नाडी आणि स्थिर हात हवा असतो.

१९६१ साली ‘द हसलर’ हा अमेरिकन चित्रपट पूल या खेळावर निघाला. त्यात एक तरणाबांड, सडपातळ खेळाडू एका वयस्क, स्थूल खेळाडूला आव्हान देतो. रात्रभर सामना चालतो. तरुण पुढे असतो, पण मद्याच्या घोटांबरोबर त्याचे भान सुटत जाते. तो स्थूल मनुष्य मात्र उठतो, हात-तोंड धुतो, कपडे नीटनेटके करतो आणि ताजातवाना होऊन टेबलापाशी परततो. सामना तोच जिंकतो. कथा काल्पनिक असली तरी खेळाची जाण तिच्यात पक्की आहे. कोणाचे अंग सडपातळ आहे याला त्या पहाटे काहीच किंमत नव्हती. शेवटच्या तासाला कोण आपल्या देहाचा मालक होता, एवढेच मोजले गेले.

शेवटच्या तासाची परीक्षा

आणि हा शेवटचा तास या खेळात फार उशिरा येतो. विश्व स्नूकर स्पर्धा सतरा दिवस चालते. तिचा अंतिम सामना पस्तीस डावांचा आणि दोन दिवसांचा असतो. १९८५ साली स्टीव्ह डेव्हिस व डेनिस टेलर यांचा अंतिम सामना सतरा-सतरा अशा बरोबरीत आला आणि मध्यरात्र उलटल्यावर अखेरच्या काळ्या चेंडूवर टेलरने तो जिंकला. स्नूकरच्या टेबलाला एक फेरी म्हणजे सुमारे तेरा मीटर चालणे. अशा शंभर फेऱ्यांत सव्वा किलोमीटर होतो. अंतर फार नाही. पण दर काही पावलांनी कमरेत वाकायचे, श्वास रोखल्यासारखे स्थिर व्हायचे, आणि पुन्हा उठायचे. गीत सेठींनी १९९२ साली व्यावसायिक विश्वस्पर्धेत एकाच डावात १२७६ गुणांची मालिका रचली. बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला बहुधा दोन किंवा तीन गुण मिळतात, हे ध्यानात घेतले तर ते चारशेहून अधिक वेळा ओणवे झाले असावेत. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद भारताला मिळवून दिले, तेही घड्याळ लावून तासन्‌तास चालणाऱ्या सामन्यांतून.

अशा वेळी थकते कोण? हात सहसा थकत नाही. थकतात ते कंबर, मान, गुडघे आणि पोटऱ्या. पाय थकले की पवित्रा किंचित उंचावतो. पवित्रा उंचावला की डोके हलते. डोके हलले की चेंडू खिशाच्या ओठावर आपटून परत येतो. खेळाडू म्हणतो, नशीब फिरले. वस्तुतः फिरलेल्या असतात त्या पोटऱ्या. नियमित चालण्या-धावण्याने हृदयाचे ठोके मंदावतात, श्रमानंतर ते लवकर पूर्ववत होतात, आणि झोप गाढ लागते. अतिस्थूल माणसाची झोप घोरण्याने व श्वास अडखळल्याने अनेकदा तुटते. दुसऱ्या दिवशीच्या एकाग्रतेला त्याची किंमत मोजावी लागते. वजनाचा खेळाशी संबंध येतो तो या आडवाटेने.

रॉनी ओ’सलिव्हन यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तारुण्यात व्यसनांनी ग्रासलेल्या या असामान्य खेळाडूने पुढे धावण्याचा ध्यास घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला त्यांनी नावच ‘रनिंग’ असे दिले. २०२२ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी सातवे विश्वविजेतेपद मिळवले आणि ते या स्पर्धेचे तोवरचे सर्वांत वयस्क विजेते ठरले. धावण्याने त्यांच्या हाती कौशल्य आले असे कोणी म्हणणार नाही. ते त्यांच्यात बालपणापासून होते. धावण्याने ते कौशल्य म्हातारे होऊ दिले नाही, असे मात्र म्हणता येईल.

तेव्हा निष्कर्ष साधा आहे. वजनाचा काटा खेळाडूची योग्यता सांगत नाही. आणि काट्यावर हलका भरणारा माणूस तंदुरुस्त असतोच असेही नाही. जिना चढताना ज्याला धाप लागते असा सडपातळ कारकून आणि रोज तासभर चालणारा धिप्पाड गृहस्थ यांच्यात लांबलचक सामना लागला, तर मी आपले पैसे त्या धिप्पाड गृहस्थावर लावीन. व्यायाम हा वजन घटवण्याचा दंड आहे, ही कल्पना आपण टाकून द्यायला हवी. आपल्या अंगी जे कसब आहे ते अखेरपर्यंत साथ देईल अशी तजवीज करणे, हा त्याचा खरा हेतू. दिवसभर खुर्चीत बसून आकडे जुळवणाऱ्याला आणि रात्र जागून अभ्यास करणाऱ्यालाही हेच लागू आहे.

आता त्या मुलाविषयी. त्याच्या आग्रहावरून मी शहरातली एक छोटी स्पर्धा पाहायला गेलो. पहिल्या दोन फेऱ्या त्याने सहज जिंकल्या. तिसरी संध्याकाळी उशिरा सुरू झाली. दुसऱ्या डावानंतर तो वारंवार घाम पुसू लागला, फटक्यांच्या मध्ये खुर्ची शोधू लागला, आणि सकाळी डोळे मिटून घातले असते असे चेंडू त्याच्याकडून हुकू लागले. तो हरला. बाहेर चहा घेताना मी त्याचे सांत्वन करू लागलो, तर तो हसून म्हणाला, ‘‘हात ठीक होता सर, पायच उरले नाहीत. पाय कमवावे लागतात, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही.’’

त्याने ते तक्रारीच्या सुरात म्हटले नव्हते. आणि हे सांगण्याचे काम कोणाचे होते, हे त्याच्या ध्यानातही नसावे. माझ्या मात्र होते. खेळाच्या तासाला त्याला इतरांबरोबर धावायला लावले असते, तर तो शेवटचा आला असता. आला असता तर आला असता. पण तो धावला असता. झाडाखाली बसवून मी त्याची टिंगल टाळली असे समजत होतो. खरे पाहता तास रेंगाळू नये ही माझी सोय मी पाहिली होती. आजही अनेक शाळांच्या मैदानांवर असे एखादे झाड असेल, आणि त्याखाली वही घेऊन बसलेले एखादे मूल असेल. खेळ घेणाऱ्या शिक्षकाने उद्याच्या तासाला त्याच्या हातातली वही स्वतःकडे घ्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते.