फाटकावर कोण उभे राहणार?

फ्रीमॉन्ट (कॅलिफोर्निया), ऑक्टोबरअखेर

ऑक्टोबरचा तिसरा गुरुवार इथे भूकंपाच्या सरावाचा. सकाळी दहा वाजून गेले की वर्गावर्गातल्या ध्वनिक्षेपकातून सूचना येते आणि पहिलीतली पोरे क्षणात बाकाखाली शिरतात. एका हाताने मान झाकायची, दुसऱ्या हाताने बाकाचा पाय धरायचा. मिनिटभर वर्गात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. मग बाई दारामागच्या खुंटीवरची लाल पिशवी खांद्याला अडकवतात आणि मुलांची रांग मैदानाकडे निघते. पिशवीत हजेरीची यादी, शिटी, मलमपट्टी आणि दोन रंगांचे पुठ्ठे असतात. मैदानावर पट घेतला की बाई हात वर करतात. हिरवा पुठ्ठा म्हणजे सगळे आहेत. लाल म्हणजे कुणीतरी कमी आहे किंवा कुणाला लागले आहे. चारशेवर मुलांच्या शाळेत कुठे काय चुकले, हे मैदानावर एक नजर टाकली की कळते.

मी मैदानाच्या कडेला, मागच्या फाटकाशी घडीचे टेबल मांडून उभी असते. अंगात पिवळे जाकीट, त्याच्या पाठीवर कामाचे नाव: ‘मुले सोपवणे’. शाळेतली माझी एरवीची नोकरी वर्गात बाईंना मदत करण्याची. यवतमाळ जिल्ह्यात मी सात वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, त्या मानाने ही नोकरी लहान. पण या फाटकाने मला जे शिकवले ते सात वर्षांत कुणी शिकवले नव्हते, म्हणून हे पत्र.

आमचे हे गाव हेवर्ड नावाच्या भूभ्रंशावर वसले आहे. १८६८च्या ऑक्टोबरात त्याने मोठा तडाखा दिला होता. पुन्हा कधी देईल हे कुणाला ठाऊक नाही. शाळांपुरते सांगायचे तर या राज्याने धडा घेतला तो १९३३ साली. १० मार्चच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीचला भूकंप झाला आणि सत्तर शाळा पार कोसळल्या. शंभरावर माणसे गेली. पण शाळा सुटून गेल्या होत्या. हाच धक्का दुपारी बसला असता तर किती पोरे गेली असती, या विचाराने लोक इतके हादरले की महिनाभरात शाळा बांधण्याचा कडक कायदा मंजूर झाला. तो फील्ड कायदा आजही लागू आहे.

इमारती मजबूत झाल्या. इमारतीतल्या माणसांनी काय करायचे, याची घडी बसायला मात्र आणखी पन्नास-साठ वर्षे लागली. १९७०च्या वणव्यांत अग्निशमन दले कमी नव्हती. हुकूम कोणाचा पाळायचा हेच ठरलेले नव्हते. त्यातून कामांच्या वाटणीची एक पद्धत निघाली. १९९१ला ओकलंडच्या टेकड्या जळाल्या तेव्हा तोच गोंधळ पुन्हा झाला. त्यानंतर कायदाच झाला आणि तीच पद्धत सगळ्या सरकारी यंत्रणांवर आली, शाळांवरही.

इथल्या सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे असतात. त्याचा आपल्या महसुली जिल्ह्याशी संबंध नाही. एका गावाच्या किंवा चार गावांच्या सरकारी शाळांचा तो स्वतंत्र कारभार असतो. मतदारांनी निवडलेले मंडळ, त्याने नेमलेला अधीक्षक, स्वतःचे अंदाजपत्रक. आपल्या जिल्हा परिषदेची शिक्षण समिती वेगळी काढून तिला स्वतःचे घर दिले, असे समजा. या मंडळाच्या प्रत्येक शाळेला दरवर्षी १ मार्चच्या आत सुरक्षेचा आराखडा तपासून नवा करावा लागतो. तो करणाऱ्या समितीत मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक तर असतातच, पण कायद्याने एक शिक्षकेतर कर्मचारीही लागतो. मला या शेवटच्या माणसाचे अप्रूप वाटते. गॅसची चावी कुठे आहे आणि ती कोणत्या पान्याने फिरते, हे मुख्याध्यापकांना माहीत नसते. साफसफाई-देखभाल पाहणाऱ्या माणसाला माहीत असते.

आराखड्यात कामे अशी वाटलेली असतात: मुख्याध्यापक मैदानावर एका जागी थांबतात आणि निर्णय घेतात, धावपळ करायची नाही, हेच त्यांचे काम. दोघा-दोघांच्या जोड्या रिकाम्या वर्गांत शिरून कुणी राहिले का ते पाहतात आणि तपासलेल्या दारावर खूण करतात. देखभालीचा माणूस गॅस, वीज आणि पाणी बंद करतो. स्वयंपाकघरातल्या बाई पाणी आणि खाण्याचा हिशेब ठेवतात, कारण पालक पोचेपर्यंत रात्रही होऊ शकते. ऑफिसातला कारकून घडेल ते वेळेसह लिहून काढतो. प्रत्येक कामाला एक नाव आणि त्याखाली आणखी दोन नावे. मुख्याध्यापक बैठकीला बाहेरगावी असतील तर दुसरे नाव आपोआप पुढे येते, कुणाला फोन करून विचारायचे नाही. गेल्या वर्षीच्या एका सरावात मुख्याध्यापिका मुद्दाम ऑफिसात बसून राहिल्या. तिसरीच्या बाईंनी त्यांचे जाकीट चढवले आणि सगळी शाळा त्यांचे ऐकू लागली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सरकारी नोकर हा आपत्तीतला सेवकही असतो. इथले नागरिकत्व घेतल्यानंतर नोकरीला लागले, तेव्हा मीही त्या सेवेची शपथ घेतली. याचा अर्थ एवढाच की भूकंप झाला तर माझी स्वतःची मुलगी दुसऱ्या शाळेत असली तरी मला हे फाटक सोडता येणार नाही. तिच्या शाळेच्या फाटकावर माझ्यासारखीच कुणीतरी उभी असेल, या भरवशावर मी इथे उभे राहायचे. हे पचायला मला वेळ लागला.

आता फाटकाविषयी. पालक पुढच्या फाटकावर येतात, नाव सांगतात, ओळखपत्र दाखवतात. तिथली बाई शाळेकडचे कार्ड काढते. मूल कोणाकोणाच्या हाती द्यायचे ती नावे पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला या कार्डावर लिहून दिलेली असतात. नाव जुळले की एक जण मैदानावरून मुलाला घेऊन माझ्या मागच्या फाटकाशी येतो, आणि पालकही तिथे येतात. मी पुन्हा ओळखपत्र पाहते, सही घेते, वेळ लिहिते आणि मगच मुलाचा हात सोडते. दोन फाटके यासाठी की एकाच जागी गर्दी झाली तर रडारडीत कोण कुणाला घेऊन गेले ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेजवळ गॅसचा वास येऊ लागला म्हणून भर दुपारी मुले बाहेर काढावी लागली होती. पालकांना बोलावणे गेले. एका मुलीचे आजोबा आले. आपल्याच वऱ्हाडातले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेले. रोज तिला पोचवायला येत, माझ्याशी घटकाभर बोलत. कार्डावर त्यांचे नाव नव्हते. मी म्हटले, “काका, थोडं थांबा, मी तिच्या आईला फोन लावते.” ते म्हणाले, “मले ओळखतेस ना तू बेटा?” ओळखत तर होतेच. तरी पोरगी मी दिली नाही. आईचा फोन लागून तिने होकार देईपर्यंत वीस मिनिटे ते उन्हात उभे राहिले, आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुनेने कार्डावर त्यांचे नाव घातले. मला वाईट वाटले, पण मी केले ते बरोबरच होते.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण पूर्वी एकदा मी याच्या उलट वागले होते. पैनगंगेच्या अंगाला आमची दोनशिक्षकी शाळा. जुलैची दुपार, सकाळपासून पावसाची झड. गुरुजी केंद्रावर बैठकीला गेलेले, मी एकटी. नाल्याला पाणी चढतेय असे कुणीतरी ओरडत आले आणि मी घाबरून शाळा सोडून दिली. “जा रे पोरांनो, सरळ घरी जा,” एवढेच म्हटले. तासाभराने एक आई दारात उभी. “बाई, माहा पोरगा कुठी हाय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. कोण कुणाबरोबर गेले, नाल्याच्या पलीकडची पोरे कुठे थांबली, मी काहीच पाहिले नव्हते. दोन तासांनी पोरगा मामाच्या घरी भाकर खाताना सापडला. ती माउली मला एक शब्द बोलली नाही. ते दोन तास अजून माझ्या अंगावर येतात.

इथले सगळेच घेण्यासारखे आहे असे मात्र नाही. अमेरिकेतल्या हजारो शाळांत आता पाच सूचना ठरलेल्या आहेत. वर्गातच थांबा; बाहेरची दारे बंद करून आत या; कुलूप लावा, दिवे मालवा, नजरेआड व्हा; बाहेर पडा; आसरा घ्या. सांकेतिक शब्द नाहीत, साधी भाषा, कारण बदली शिक्षिकेलाही ती पहिल्याच दिवशी कळली पाहिजे. ही पद्धत रचली ती कोलोरॅडोतल्या एका दाम्पत्याच्या संस्थेने. २७ सप्टेंबर २००६ला एमिली कीझ ही त्यांची मुलगी शाळेत घुसलेल्या बंदूकधाऱ्याच्या हातून मारली गेली. ओलीस असताना तिने आईवडिलांना ‘माझे तुमच्यावर प्रेम आहे’ असा संदेश पाठवला होता. तिसरी सूचना आहे ती अशाच बंदूकधाऱ्यासाठी. पाच वर्षांची पोरे दिवे मालवून भिंतीला टेकून बसतात, एकमेकांचे हात धरून, आवाज न करता. ते पाहताना माझ्या पोटात तुटते. बंदुका मोकळ्या ठेवायच्या आणि पोरांना लपायला शिकवायचे, यात या देशाची घोर चूक आहे असे मला वाटते.

पण दुसरी सूचना, बाहेर धोका आहे म्हणून सगळ्यांनी आत यायचे आणि वर्ग चालू ठेवायचे, ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला राळेगाव आणि पांढरकवडा आठवले. इथल्या डोंगराजवळच्या शाळांत ती कधी अस्वल किंवा डोंगरी सिंह फिरकला म्हणूनही दिली जाते. २ नोव्हेंबर २०१८ला बोराटीच्या जंगलात टी-१ वाघीण मारली गेली, तोवर दोनेक वर्षांत तिच्या नावावर तेरा बळी लागले होते. त्या दोन वर्षांत त्या पट्ट्यातली पोरे शाळेत चालतच जात होती. वाघ दिसल्याची खबर आली तर शाळा सोडायची की आत घ्यायची, घरी न्यायला कोणी यायचे, याचे उत्तर किती शाळांकडे लिहिलेले होते?

आपल्याकडे कायदे नाहीत असे कुणी म्हणू नये. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, त्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे. १६ जुलै २००४ला कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या खोलीतून आग लागून ९४ मुले जळाली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये देशभरच्या शाळांना सुरक्षेचे आदेश दिले. २०१६ला राष्ट्रीय प्राधिकरणाची शाळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे आली. शाळांनी दरवर्षी भरायच्या यू-डायसच्या माहितीत ‘आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे का’ हा रकाना असतो आणि मीही त्यात ‘होय’ लिहीत असे. तो आराखडा दुसऱ्या शाळेवरून उतरवलेला होता, वरचे गावाचे नाव तेवढे बदललेले.

एक गोष्ट मात्र मुळातच उलटी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७मध्ये शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये म्हटले आहे; अपवाद जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाचा. म्हणजे पूर आला की गुरुजींना हक्काने दुसरीकडे कामाला लावता येते. इथे शपथ दिली जाते तीही आपत्तीच्या कामाचीच, पण शाळा भरलेली असताना ते काम शाळेतच असते. ज्या मुलांची हजेरी घेतली ती सगळी घरी पोचेपर्यंत त्या शिक्षकाला हलवू नये, एवढे एक परिपत्रक आपल्या जिल्हा परिषदेने काढले तरी पुष्कळ होईल.

माझ्या जुन्या शाळेतल्या गुरुजींना मी फोनवर हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “बाई, तुमच्याकडं एका शाळेत तीस माणसं. आमी दोघं. त्यातला एक बैठकीत.” खरे आहे. पण शाळेतली माणसे मोजताना आपण फक्त पगारपत्रक पाहतो. खिचडी शिजवणाऱ्या ताई रोज तिथे असतात आणि प्रत्येक पोराला नावानिशी ओळखतात. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, पोलीस पाटील हाकेच्या अंतरावर असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. आजोबांना ओळखण्यासाठी इथे कार्ड लागते. आपल्या गावात पोरगा कोणाचा, मामा कोणता, नाल्यापलीकडे घर कुणाचे, हे न विचारता माहीत असते. इतकी माणसे असून माझ्यावर ती दुपार आली, कारण कोणते काम कोणाचे हे आधी कधी बोललेच गेले नव्हते.

२८ सप्टेंबर २०२१ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात पुरातून नेलेली एसटी वाहून गेली आणि त्यात माणसे गेली. २०२३च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तिथल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. आपला पाऊस आता असाच येतो.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे पहिला मोठा पाऊस आणि पहिला पट एकाच वेळी. त्या आठवड्यात व्यवस्थापन समितीची बैठक असतेच. माझी विनंती आहे की त्या बैठकीत पाच कामांपुढे पाच नावे लिहा, आणि प्रत्येकाखाली आणखी एक. पट कोण घेणार. चुलीचा गॅस आणि विजेचे बटण कोण बंद करणार. १०८ला आणि पोलीस पाटलांना फोन कोण करणार. नाल्यापलीकडच्या मुलांना रात्रीपुरते कोणाच्या घरी ठेवायचे. आणि शाळेच्या फाटकावर वही घेऊन कोण उभे राहणार. कागद कपाटात ठेवू नका. सुविचार लिहितो त्या फळ्याशेजारी भिंतीवर रंगाने लिहा, आणि जुलैत एकदा, कोरड्या दिवशी, तसे करून पाहा.