गाठीपाशीच सुटणारं औषध

वाशीम, मानोरा किंवा रिसोडहून टाटा हॉस्पिटलला निघालेला रुग्ण बहुधा अकोल्यात मुंबईची गाडी धरतो. परळला तपासण्या होतात. मुक्कामाला बाहेरगावच्या कितीतरी जणांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते. केमोचं सलाईन लागतं आणि थोड्याच दिवसांत केस गळू लागतात, तोंड येतं, जेवण नको होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. गाठ असते एका जागी, औषध मात्र रक्तातून अंगभर फिरतं. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारणं हे त्याचं काम. पण केसांची मुळं, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा इथल्या पेशीही झपाट्यानंच वाढतात, म्हणून त्याही मरतात.

सोयाबीनवर फवारणी केली की औषध वाऱ्याबरोबर बांधापलीकडेही जातं. संत्र्याला ठिबक लावलं की पाणी बुंध्याशीच पडतं. कर्करोगाच्या औषधाला असं ठिबक बसवायचं कसं, या प्रश्नावर जगभर काम चालू आहे. त्यातलं एक मोलाचं काम आपल्याकडेच, पवईच्या आयआयटी मुंबईत झालं.

तिथल्या धीरेंद्र बहादूर, रिंटी बॅनर्जी, पल्लब प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय लिपोझोम तयार केले. लिपोझोम म्हणजे मेदाच्या पातळ पापुद्र्याचा अतिसूक्ष्म फुगा. त्यात डॉक्सोरुबिसिन हे केमोतलं नेहमीचं औषध आणि लोहाच्या ऑक्साइडचे कण भरले. हे कण साधारण १० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. बाहेरून फोलेट जोडलं, कारण अनेक कर्करोगपेशी हे जीवनसत्त्व अधाशासारखं ओढून घेतात. म्युनिकच्या शास्त्रज्ञांबरोबर केलेलं हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ३७ अंश सेल्सिअसला औषध बहुतांशी फुग्यातच राहिलं, ४३ अंशांना ते बरंचसं बाहेर पडलं.

हे घडतं कसं? थंडीत थिजलेलं तूप चुलीजवळ ठेवलं की सैल होतं. या फुग्याचा मेदही तसाच निवडलेला असतो. ४१ अंशांच्या आसपास त्याचा पापुद्रा सैलावतो आणि आतलं औषध झिरपतं.

ही ऊब आणण्याचं काम चुंबकाचं. नेहमीचा स्थिर चुंबक कणांना आपल्याकडे ओढतो, तापवत नाही. तापवण्यासाठी दिशा सतत उलटणारं क्षेत्र लागतं, सेकंदाला लाखभर वेळा उलटणारं. त्या उलटापालटीशी कणांचा मेळ बसत नाही, ते मागे पडतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. क्षेत्राची ताकद नीट बेतली तर आजूबाजूचं मांस फारसं तापत नाही. क्षेत्र बंद केलं की कणांचं चुंबकत्व जवळपास नाहीसं होतं, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळा होण्याची भीती कमी होते.

कल्पना जुनी आहे. शिकागोत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच लसीका गाठींतले लोहकण असे तापवून पाहिले होते. चुंबकानं औषध गाठीकडे नेण्याची १४ रुग्णांवरची पहिली चाचणी बर्लिनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथे एपिरुबिसिन चिकटवलेले कण बाहेरच्या चुंबकानं गाठीकडे ओढले गेले. सुमारे निम्म्या रुग्णांत ते गाठीपर्यंत पोहोचले, पण काही यकृतात अडकले. पुढे २०१० मध्ये युरोपात मेंदूच्या गाठींसाठी एका उपचाराला परवानगी मिळाली. त्यात कण थेट गाठीत टोचतात आणि तापवतात, जोडीला रेडिएशन देतात. कणांबरोबर औषध मात्र नसतं.

अडचणी खऱ्या आहेत. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्यानं ओसरतो, त्यामुळे पोटात खोल असलेल्या गाठीपाशी कण खेचणं अवघड. यकृत आणि प्लीहा रक्तातले परके कण गाळून घेतात. गाठीत तापमान सगळीकडे सारखं राखावं लागतं. पेसमेकर असेल किंवा गाठीजवळ धातूचं रोपण असेल, तर हे क्षेत्र वापरता येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या चुंबकी पट्ट्या, गाद्या आणि कडी यांचा या विज्ञानाशी काहीही संबंध नाही. त्यांच्या भरवशावर गाठ अंगावर काढणं जिवावर बेततं.

पवई ते परळ अंतर वीसेक किलोमीटरचं. पण प्रयोगशाळेतल्या या फुग्याला ते पार करायला प्राण्यांवरच्या चाचण्या, विषारीपणाची तपासणी, आणि मग माणसांवरचे एकामागून एक टप्पे ओलांडावे लागतील. तोवर मानोऱ्याहून निघालेल्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो हेच मुख्य उपचार आहेत आणि ते वेळेवर सुरू झाले तर कितीतरी रुग्ण बरे होऊन घरी परततात.