विश्लेषण : हजारो हार्ड डिस्कवर विखुरलेली माहिती टिकेल? विकेंद्रित साठवणुकीचे पुढे काय?

रोहिणखेड (जि. बुलडाणा) : मोबाइलमधले फोटो, सातबारा, जातीचा दाखला, गुणपत्रिका… हे सगळे ‘क्लाउडवर आहे’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे कोणाचे तरी डेटा सेंटर. ते बंद पडले की रोहिणखेडमधल्या विद्यार्थ्याचे काम अडते आणि मुंबईतल्या कंपनीचेही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये अमेरिकेतील एका विभागात बिघाड झाला आणि जगभरातील अनेक अ‍ॅप ठप्प झाली. माहिती एकाच मालकाच्या हाती ठेवण्याऐवजी हजारो संगणकांवर वाटून ठेवली तर? विकेंद्रित साठवण जाळ्यांची कल्पना हीच आहे.

ही साठवण नेमकी काय असते?

नेहमीच्या इंटरनेटवर फाइल ‘कुठे आहे’ यावरून सापडते. सर्व्हर बदलला की लिंक मरते. २०१५ मध्ये आलेल्या आयपीएफएस या प्रणालीत फाइल ‘काय आहे’ यावरून शोधली जाते. फाइलमधील मजकुरावरून गणिताने एक ठसा तयार होतो, ज्याला ‘हॅश’ म्हणतात. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. त्यामुळे फाइल कोणाच्याही संगणकावरून आली तरी ती मूळच आहे का, हे तपासता येते.

मग फाइल हरवत कशी नाही?

‘स्टोर्ज’ या जाळ्याचे उदाहरण घेऊ. तिथे फाइल आधी कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होते. मग तिचे ८० तुकडे होऊन ते वेगवेगळ्या संगणकांवर जातात. यापैकी कोणतेही २९ तुकडे मिळाले तरी पूर्ण फाइल परत तयार होते. तुकडे कमी होऊ लागले की जाळे नवे तुकडे बनवून दुसरीकडे ठेवते. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘फाइलकॉइन’मध्ये साठवण करणाऱ्याला अनामत ठेवावी लागते. माहिती अजून आपल्याकडेच आहे, याचा गणिती पुरावा त्याला दर २४ तासांनी द्यावा लागतो. तो चुकला तर दंड बसतो.

महाराष्ट्रात असा प्रयोग झाला आहे का?

त्याच्या जवळ जाणारा प्रयोग झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दाखला खरा की बनावट, हे कार्यालयात न जाता तपासता यावे, हा हेतू. मात्र अशा पद्धतीतला एक फरक समजून घ्यायला हवा. ब्लॉकचेनवर मोठ्या फाइल ठेवणे महाग पडते. म्हणून तिथे सहसा कागदाचा ठसा ठेवला जातो. मूळ कागदच हरवला तर नुसत्या ठशावरून तो परत मिळत नाही. ही उणीव भरून काढणे, हे विकेंद्रित साठवणुकीपुढचे खरे काम.

अडचण कुठे आहे?

पैशात. आयपीएफएसवर टाकलेली फाइल कोणीतरी जपून ठेवली तरच टिकते. ‘एनएफटी डॉट स्टोरेज’ ही मोफत सेवा लोकप्रिय होती, पण तिने जून २०२४ अखेर नव्या फाइल घेणे थांबवले. फाइलकॉइनमध्ये सुरुवातीला बक्षिसाच्या नाण्यांसाठी प्रचंड जागा जोडली गेली, पण त्यातली बरीचशी रिकामी होती. जागा भरपूर आणि पैसे देणारे ग्राहक थोडे, अशी ही स्थिती.

पुढे काय बदलणार?

आता भर जागा वाढवण्यापेक्षा ती वापरण्याजोगी करण्यावर आहे. फाइलकॉइनवर एखादा व्यवहार पक्का व्हायला पूर्वी साडेसात तास लागत. २०२५ मधील सुधारणेनंतर हा वेळ काही मिनिटांवर आला. त्याच वर्षी पुराव्याची नवी पद्धत आली. तिच्यामुळे माहिती जड प्रक्रियेत न अडकवता, लगेच परत देता येईल अशी ठेवता येते. नाण्याच्या भावावर अवलंबून न राहता ग्राहकांच्या शुल्कावर हे जाळे चालेल का, यावर त्याचे भवितव्य ठरेल.

रोहिणखेडमधून सहभागी होता येईल का?

स्टोर्जसाठी साधा संगणक, सुमारे ५०० जीबी मोकळी जागा आणि सतत चालू इंटरनेट पुरते. एकाच इंटरनेट पट्ट्यातील संगणक हे जाळे एकच धरते. त्यामुळे शहरांपासून दूरचे, विखुरलेले संगणक त्याला हवेच असतात. पण मोबाइल डेटावर बाहेरून संगणकापर्यंत थेट पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता सहसा मिळत नाही. त्यात भारनियमनाची भर. कमाईही किरकोळ. २०२३ अखेरच्या दरानुसार एक टीबी जागा महिनाभर पूर्ण भरलेली असेल तर दीड डॉलर, म्हणजे सुमारे १३० रुपये मिळतात. २० वॅटचा संगणक महिन्याला १४ युनिटहून अधिक वीज खातो. कमाईचा मोठा भाग बिलातच जाईल. शिवाय मोबदला क्रिप्टो टोकनमध्ये मिळतो आणि अशा मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर भारतात ३० टक्के कर आहे. फाइलकॉइनसाठी तर १२८ जीबी रॅमचे यंत्र लागते. घरबसल्या उत्पन्नाच्या जाहिरातींना भुलण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नागरिकाला आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करता यावी, अशी तरतूद या कायद्यात आहे. शेकडो संगणकांवरच्या प्रती पुसणार कोण? कुलपाची किल्ली नष्ट करणे, हा त्यावरचा सध्याचा तांत्रिक उपाय. पण त्याला दुसरी बाजू आहे. किल्ली चुकून हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ विचारणारे तिथे कोणी नसते.

म्हणूनच आज दाखले आणि सातबारा यांसाठी डिजिलॉकर किंवा सरकारी पोर्टल, पेनड्राइव्हवर एक प्रत आणि घरात एक छापील प्रत, हाच सोपा मार्ग आहे. एकाच ठिकाणी सगळे ठेवू नये, हे विकेंद्रित साठवणुकीचे तत्त्व त्यासाठी कोणतेही जाळे न जोडता पाळता येते.