‘सुकणे’ आणि ‘भरून येणे’ : जखमेच्या दोन क्रियापदांविषयी

जखम बरी झाली हे सांगण्यासाठी मराठीत जी क्रियापदे रूढ आहेत, त्यांत ‘सुकणे’ आणि ‘भरून येणे’ ही दोन प्रमुख होत. निलंगा परिसरात पायाच्या जखमेची विचारपूस ‘सुकली का?’ अशीच होते. शब्द व्यवहाराला वळण लावतात, हे भाषाभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेला शेतकरी जखम सुकावी म्हणून ती उघडी ठेवतो, तेव्हा या क्रियापदाची किंमत त्याला पाय गमावून मोजावी लागण्याचा संभव असतो. म्हणून हायड्रोजेलमधून मूळपेशी जखमेपर्यंत पोचविण्याच्या उपचाराचा परिचय येथे या दोन शब्दांच्या आधारे करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘सुकणे’. इ. स. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरील काही उथळ जखमा उघड्या ठेवल्या व काही पॉलिथीनच्या पडद्याने झाकल्या. झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सहज सरकतात. मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८० नंतरच्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आवरण वापरले. जखम कोरडी पडू न देणे हाच त्याचा मुख्य गुण होय. रक्तपुरवठा तुटून काळ्या पडलेल्या अवयवाचा नियम मात्र निराळा आहे.

हायड्रोजेल हे याच तत्त्वाचे शास्त्रशुद्ध रूप होय. पाण्यात भिजवलेला सबजा पाहिला की त्याची कल्पना येते : बियांवरील आवरण पाणी धरून फुगते, परंतु विरघळत नाही. दीर्घ रेणूंच्या अशाच जाळ्यात पाणी धरणारी जेले विख्तर्ले व लिम यांनी १९६० मध्ये वैद्यकीय उपयोगासाठी सुचविली. मूळपेशी नुसत्या द्रवातून टोचल्या तर त्यांपैकी पुष्कळशा वाहून जातात किंवा मरतात. जेलच्या जाळ्यात त्या टिकून राहतात. प्राणवायू व पोषकद्रव्ये आत येतात आणि पेशींचे स्राव बाहेर जातात.

आता ‘भरून येणे’. ‘मूळपेशी’ या संज्ञेमुळे बी पेरून पीक घ्यावे तशी या पेशींचीच त्वचा होते, असा समज होतो. अस्थिमज्जेतून वा चरबीतून घेतलेल्या पेशींचे कार्य मुख्यतः निराळे असते. त्यांचे स्राव दाह आवरतात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात आणि रोग्याच्याच पेशींना जागे करतात. जखम कोणी ‘भरत’ नाही, ती ‘भरून येते’. क्रियापदाचे हे अकर्मक रूप येथे शास्त्राशी तंतोतंत जुळते.

दक्षिण कोरियात मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या ५९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळपेशीयुक्त हायड्रोजेल लावलेल्या गटात १२ आठवड्यांत ८२ टक्के, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के जखमा पूर्ण भरून आल्या. एवढ्या लहान चाचणीवरून उपचार सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. रक्तशर्करेचे नियमन आणि पायावरचा भार कमी करणे यांची जागाही तो घेऊ शकत नाही. परंतु पेशींविना बरे झालेले ते ५३ टक्केही ध्यानात घ्यावेत. त्यांच्याही जखमा झाकलेल्याच होत्या.

तेव्हा मराठीत आरोग्यविषयक लेखन करणाऱ्यांनी ‘जखम सुकली का?’ ऐवजी ‘जखम भरून येते आहे का?’ असे विचारण्याचा प्रघात पाडावा. त्यासाठी नवा शब्द घडवावयाचा नाही. तो आपल्या बोलीत आहेच.