तारीख, पान आणि अळी

मारिया सिबिला मेरियनचं नाव निघालं की आधी तिच्या चित्रांचं कौतुक होतं. चित्रं देखणी आहेतच. पण 1660 साली फ्रँकफुर्टमध्ये तेरा वर्षांच्या या मुलीने रेशीमकिडे पाळायला घेतले, त्या उद्योगाला नुसती चित्रकला म्हणून भागत नाही. तिचे सावत्र वडील याकोब मारेल फुलांची चित्रं काढत. किडा त्यांत असला तर शोभेपुरता. मुलीला तो जिवंत हवा होता. तुतीचा पाला नसेल तेव्हा तिने किड्यांना सॅलडची पानं घातली, अंड्यापासून पतंगापर्यंतचा क्रम डोळ्यांसमोर घडू दिला. पुढे इतर सुरवंट आले. कोणती अळी कोणत्या झाडावर, कात कधी टाकते, कोशात किती दिवस, सगळं वहीत. यात झाडाची नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. आपल्याकडे लिंबाळीची अळी कढीपत्त्यावर पोसते. तिला जास्वंदीवर सोडा, उपाशी मरेल. झाड ठाऊक नसेल तर अळी जगत नाही, आणि ती जगली नाही तर तिचं फुलपाखरू कोणतं हे कळणार कसं? 1679च्या तिच्या सुरवंटांच्या पुस्तकात 50 चित्रं आहेत, आणि किड्यांच्या जोडीला त्यांचं झाडही आहे, ते यामुळेच.

यावर म्हटलं जातं, किडे कुजक्यातून आपोआप उपजतात या समजाला प्रयोगाने धक्का दिला तो 1668मध्ये इटालियन वैद्य रेडीने. सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या उघडून पाहिल्या त्या डच शास्त्रज्ञ स्वामरडामने. मेरियनचं नवं काय? दोघांचं श्रेय कबूलच आहे. पण रेडीचं पुस्तक आलं तेव्हा तिच्या निरीक्षणांना आठ वर्षं झाली होती. शिवाय कोश चिरला की आत काय आहे ते दिसतं. त्यातून बाहेर काय येणार, हे वाट पाहणाऱ्यालाच कळतं. फुलपाखराची वाट पाहावी आणि कोशातून माश्या निघाव्यात, असंही तिच्याकडे घडलं. परजीवी किड्यांचा उलगडा तिला झाला नव्हता, तरी तिने ती नोंद गाळली नाही.

चुकाही तिने केल्या. पुढे ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली; तिथल्या एका किड्याचं डोकं अंधारात उजळतं असं तिने लिहिलं, ते खोटं ठरलं. पक्षी खाणाऱ्या कोळ्याच्या तिच्या चित्राची एकोणिसाव्या शतकात टर उडवली गेली. पण 1863मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक बेट्सने ॲमेझॉनकाठी तसाच प्रकार पाहिल्याचं छापलं. तिची नोंदवही आज सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे. तिच्यातली पहिली नोंद रेशीमकिड्याची.